मोबाइल कंपन्यांचं विलीनीकरण सरकार अडवतं, तेव्हा तो खटला कसा वाचावा

२० मार्च २०११ रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने जाहीर केलं की ती जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमकडून टी-मोबाइल यूएसए ३९ अब्ज डॉलरना विकत घेणार आहे. २५ अब्ज रोख आणि उरलेले १४ अब्ज शेअरच्या रूपात. त्याच वर्षी १९ डिसेंबरला हा व्यवहार सोडून दिल्याचंही तिनेच जाहीर केलं. सरकारने भरलेल्या दाव्यात तोवर एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता आणि निकालही लागला नव्हता. मग व्यवहार मोडला कशामुळे?

हे नीट समजून घ्यायचं असेल तर अशा खटल्याचे कागद स्वतः वाचता यायला हवेत. बातम्यांमध्ये एका बाजूला कंपनीची आश्वासनं येतात, दुसऱ्या बाजूला विरोधकांची वक्तव्यं, आणि वाचणारा मधल्यामध्ये अडकतो. पत्रकार, कायद्याचे विद्यार्थी, शेअर बाजारात पैसे गुंतवणारे आणि फोनचं बिल भरणारे अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण २०११ चंच घेतलं आहे, कारण चार मोठ्या कंपन्यांच्या तीन होतात तेव्हा काय काय तपासायचं, हे त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतं.

पायरी १ : दोन दरवाजे वेगळे ओळखा

अमेरिकेत वायरलेस कंपन्यांच्या विलीनीकरणाला दोन स्वतंत्र ठिकाणी परवानगीची परीक्षा द्यावी लागते. बातम्यांत ‘सरकारने विरोध केला’ एवढंच येतं. त्यातलं कोणतं सरकार, हे आधी बघायचं.

पहिला दरवाजा न्याय विभागाच्या अँटीट्रस्ट, म्हणजे मक्तेदारीविरोधी शाखेचा. तिचं हत्यार म्हणजे १९१४ च्या क्लेटन कायद्याचं कलम ७. एखाद्या खरेदीमुळे स्पर्धा लक्षणीयरीत्या कमी होण्याचा संभव असेल, तर ती खरेदी या कलमाखाली बेकायदा ठरते. यातला ‘संभव’ महत्त्वाचा, कारण नुकसान होऊन जाईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र न्याय विभाग स्वतःच्या अधिकारात व्यवहार रोखू शकत नाही. त्याला फेडरल कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागावा लागतो, आणि तिथे आपलं म्हणणं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते.

दुसरा दरवाजा फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा, म्हणजे एफसीसीचा. १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्यानुसार स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींचे परवाने एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना एफसीसीची मंजुरी लागते. इथली कसोटी सार्वजनिक हिताची आहे आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. एफसीसीची खात्री पटली नाही तर ती प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणीला पाठवते. अशी सुनावणी लांबत जाते, म्हणून कंपन्या तिला नकारासारखंच धरतात.

एका दारात शंका राहिली तर तिचा फायदा कंपनीला मिळतो, दुसऱ्या दारात तीच शंका कंपनीच्या विरोधात जाते. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. २०११ च्या प्रकरणाचा शेवट त्यावरच ठरला.

याशिवाय १९७६ च्या हार्ट-स्कॉट-रोडिनो कायद्याप्रमाणे मोठा व्यवहार पूर्ण करण्याआधी सरकारला कळवावं लागतं आणि साधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं. त्या मुदतीत न्याय विभागाने आणखी कागद मागितले तर थांबण्याची मुदत लांबते. ही दुसरी मागणी आली की चौकशी गंभीर आहे असं समजावं.

पायरी २ : कागद गोळा करा, आणि योग्य क्रमाने वाचा

सुरुवात दावापत्रापासून करा. न्याय विभागाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. एटी अँड टीविरुद्धचा दावा ३१ ऑगस्ट २०११ रोजी वॉशिंग्टन डीसीच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला आणि न्यायाधीश एलेन सेगल ह्युवेल यांच्याकडे गेला. अशा प्रकरणात मूळ दावापत्रानंतर सुधारित दावापत्रही येतं, कारण मधल्या काळात राज्यं सामील होतात. इथे १६ सप्टेंबरला न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ओहायो, पेन्सिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन ही सात राज्यं सरकारच्या बाजूने आली. म्हणून शेवटचं सुधारित दावापत्रच हाताशी ठेवा.

त्यानंतर कंपनीचं लेखी उत्तर वाचा. दावापत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाला कंपनी ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणते. अमान्य केलेले परिच्छेद बाजूला ठेवून आधी मान्य केलेल्यांवर खूण करा. खरा वाद किती उरतो ते लगेच कळतं.

मग एफसीसीचा दस्तऐवज-संच. प्रत्येक प्रकरणाला क्रमांक असतो, या प्रकरणाचा ११-६५. तो घालून शोधलं की अर्ज, आक्षेप, पत्रं, बैठकांच्या नोंदी असं सगळं समोर येतं. शेवटी कंपन्यांचा आपसातला करार, जो अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे दाखल केलेला असतो. त्यात व्यवहार मोडला तर कोणी कोणाला काय द्यायचं हे कलम शोधून ठेवा. ते पुढे आठव्या पायरीत लागेल.

पायरी ३ : ‘बाजार’ कोणता, यावरचं भांडण समजून घ्या

सगळा खटला या एका प्रश्नावर उभा असतो. बाजार मोठा दाखवला की कंपनी लहान दिसते आणि बाजार आखूड केला की तीच कंपनी अवाढव्य वाटते. म्हणून दोन्ही बाजू आपल्या सोयीची रेघ ओढतात.

वाचताना दोन गोष्टी वेगळ्या करा : वस्तू कोणती, आणि प्रदेश कोणता. सरकारने दोन सेवा धरल्या. एक, सर्वसाधारण मोबाइल सेवा. दोन, मोठे उद्योग आणि सरकारी खाती यांना विकली जाणारी मोबाइल सेवा. दुसरी वेगळी धरली याला कारण आहे. देशभर कर्मचारी असलेल्या कंपनीला एखाद्या प्रांतापुरतं जाळं असलेला विक्रेता उपयोगी पडत नाही. तिच्यासाठी पर्याय मुळातच चार होते.

प्रदेशाबाबत मात्र खरी लढाई झाली. एटी अँड टीचं म्हणणं होतं की ग्राहक आपल्या गावात फोन घेतो, त्यामुळे स्पर्धा स्थानिक आहे, आणि सर्वांत मोठ्या २० स्थानिक बाजारांपैकी १८ मध्ये पाच किंवा त्याहून जास्त सेवादाते आहेत. सरकारने स्थानिक बाजार मान्य केले, पण त्याचबरोबर सांगितलं की या कंपन्या आपले प्लॅन, दर आणि जाहिराती देशपातळीवर ठरवतात. देशव्यापी जाळं असलेल्या कंपन्या चारच : व्हेरायझन, एटी अँड टी, स्प्रिंट आणि टी-मोबाइल. देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक मोबाइल जोडण्या या चौघींकडे होत्या. शिवाय सर्वांत मोठ्या १०० पैकी ९७ भागांत एटी अँड टी आणि टी-मोबाइल समोरासमोर होत्या.

माझ्या मते इथे सरकारची बाजू बळकट होती. दर जर देशासाठी एकच ठरत असेल, तर एखाद्या शहरात पाचवा छोटा विक्रेता आहे म्हणून तिथल्या ग्राहकाला एटी अँड टी वेगळा दर देत नाही. तुम्ही कोणताही खटला वाचत असाल तरी हाच प्रश्न विचारा : दर कोणत्या पातळीवर ठरतो?

पायरी ४ : केंद्रीकरणाचा हिशेब स्वतः करून बघा

हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक हे नाव भारदस्त असलं तरी गणित शाळेतलं आहे. प्रत्येक कंपनीच्या बाजारहिश्श्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. समजा चार कंपन्यांचे हिस्से ३०, ३०, २० आणि २० टक्के आहेत. बेरीज ९०० + ९०० + ४०० + ४०० म्हणजे २,६००. आता ३० वालीने २० वालीला घेतलं तर ५० चा वर्ग २,५००, त्यात ९०० आणि ४०० मिळवून ३,८००. वाढ १,२०० ची.

एक सोपी युक्ती : वाढ काढायला दोन्ही कंपन्यांच्या हिश्श्यांचा गुणाकार करून दुप्पट करा. ३० गुणिले २० गुणिले २ म्हणजे १,२००. बाकीच्या कंपन्यांचे आकडे लागतच नाहीत. एक कंपनी ३२ टक्क्यांची आणि दुसरी ११ टक्क्यांची असेल तर वाढ ७०४ येते.

२०१० च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निर्देशांक २,५०० च्या वर गेला आणि वाढ २०० हून जास्त असली, तर विलीनीकरण बाजारातली ताकद वाढवणारं आहे असं गृहीत धरलं जाई. दावापत्रात देशपातळीवरचा आकडा ३,१०० हून अधिक आणि वाढ जवळजवळ ७०० ची दिली होती. म्हणजे दोन्ही रेषा सहज ओलांडलेल्या. २०२३ मध्ये तत्त्वं बदलली. आता १,८०० च्या वर निर्देशांक आणि १०० हून जास्त वाढ एवढंही पुरतं. जुन्या आणि नव्या खटल्यांची तुलना करताना ही तारीख विसरू नका.

हा आकडा म्हणजे निकाल नाही. सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या फिलाडेल्फिया नॅशनल बँक खटल्यात घातलेल्या पायावर पुढे तीन टप्प्यांची रीत रूढ झाली. सरकार आकड्यांवरून प्राथमिक गृहीतक उभं करतं, मग कंपनी ते खोडायचा प्रयत्न करते, आणि तिने समाधानकारक खोडलं तर पटवून देण्याचं ओझं पुन्हा सरकारवर येतं. आकडा पहिल्या टप्प्यापुरता असतो. बरेच लेख तिथेच थांबतात, आणि चुकतात.

पायरी ५ : गिळली जाणारी कंपनी बाजारात नेमकं काय करत होती?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हिस्सा लहान असूनही एखादी कंपनी इतरांना स्वस्थ बसू देत नाही. ती दर पाडते, नवं तंत्र आधी आणते, आणि मोठ्यांना नाइलाजाने मागे जावं लागतं. अशी कंपनी नाहीशी झाली तर तिच्या हिश्श्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं.

टी-मोबाइल चौघींत सर्वांत लहान होती, ग्राहक साधारण ३.४ कोटी. पण अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये तिनेच विकायला आणला. एचएसपीए-प्लस हे वेगवान जाळं देशभर पहिल्यांदा तिने उभं केलं. दावापत्रातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. एटी अँड टीच्याच एका कर्मचाऱ्याने नोंदवलं होतं की एचएसपीए-प्लसवर चालणारे फोन टी-मोबाइलने आधी आणले, आणि वेगाच्या दाव्यात मागे पडू नये म्हणून आपण ते घेतले. स्पर्धा काय करते याचा पुरावा खरेदीदाराच्याच कागदांत सापडला. टी-मोबाइलच्या अंतर्गत कागदांतही ती स्वतःला प्रस्थापितांना आव्हान देणारी कंपनी म्हणवत होती आणि खळबळ माजवणारे दर आखत होती.

तेव्हा दावापत्र वाचताना अवतरणचिन्हांतली वाक्यं वेगळी उतरवून घ्या. अर्थतज्ज्ञांचे आराखडे दोन्ही बाजूंना विकत मिळतात, पण व्यवहार ठरण्याआधी कर्मचाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेलं नंतर बदलता येत नाही.

इथे कंपनीच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दाही प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. टी-मोबाइल करारबद्ध ग्राहक गमावत होती, तिच्याकडे आयफोन नव्हता, आणि डॉइश टेलिकॉमला अमेरिकेत आणखी मोठा पैसा ओतायची इच्छा नव्हती. मग ही कंपनी आव्हान देणारी राहणार तरी किती दिवस? प्रश्न रास्त आहे. पण मंदावलेली कंपनी आणि बुडती कंपनी यांत कायदा फरक करतो. बुडत्या कंपनीचा बचाव घ्यायचा तर दिवाळखोरी समोर दिसत असली पाहिजे आणि दुसरा कोणताही खरेदीदार नसला पाहिजे. टी-मोबाइल त्या अवस्थेत नव्हती.

पायरी ६ : फायद्यांची आश्वासनं एकेक करून तपासा

प्रत्येक आश्वासनाला दोन प्रश्न विचारा. हा फायदा विलीनीकरणाशिवाय मिळू शकतो का? आणि मिळालेली बचत ग्राहकापर्यंत पोचेल अशी कोणती सक्ती उरते?

एटी अँड टीचं मुख्य आश्वासन होतं की विलीनीकरण झालं तर चौथ्या पिढीचं एलटीई जाळं लोकसंख्येच्या ८० टक्क्यांऐवजी ९७ टक्क्यांपर्यंत नेऊ. ग्रामीण भागासाठी हे मोठं आकर्षण होतं, आणि अनेक लोकप्रतिनिधींनी त्यावरून पाठिंबाही दिला. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीच्या वकिलांचं एक पत्र गोपनीय आकडे न झाकता एफसीसीच्या संकेतस्थळावर गेलं. त्यातून दिसलं की ८० वरून ९७ टक्क्यांवर जायचा खर्च सुमारे ३.८ अब्ज डॉलर आहे. म्हणजे ज्या कामाला चार अब्जांहून कमी लागतात, त्यासाठी ३९ अब्जांची खरेदी अपरिहार्य असल्याचं सांगितलं जात होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

रोजगाराचंही तसंच. दावा दाखल झाला त्याच दिवशी कंपनीने जाहीर केलं होतं की विलीनीकरणानंतर परदेशातली ५,००० कॉल सेंटरची कामं अमेरिकेत परत आणू. एफसीसीच्या कर्मचाऱ्यांनी अहवालात उलटा निष्कर्ष काढला : या व्यवहाराने नोकऱ्या कमी होतील. ते तर्कालाही धरून आहे. दोन कंपन्यांची दुकानं, कार्यालयं आणि जाळी एक करून खर्च वाचवणार असं गुंतवणूकदारांना सांगायचं, आणि नोकऱ्या वाढतील असं सरकारला, ही दोन विधानं एकत्र बसत नाहीत. गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण आणि एफसीसीकडचा अर्ज शेजारी ठेवून वाचा. मला ठाऊक असलेली ही सर्वांत उपयोगी पद्धत आहे.

पायरी ७ : तक्रार करणारा प्रतिस्पर्धी

स्प्रिंटनेही सप्टेंबर २०११ मध्ये स्वतःचा दावा भरला. इथे सावध राहा. विलीनीकरणामुळे दर वाढणार असतील तर उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा फायदाच होतो, त्यांनाही दर वाढवता येतात. मग ते विरोध का करतात? एक तर नवी कंपनी जास्त कार्यक्षम होऊन आपल्याला मागे टाकेल ही भीती, किंवा नवे फोन, रोमिंग अशा आवश्यक गोष्टी अडवल्या जाण्याची भीती. पहिलीला कायदा संरक्षण देत नाही, दुसरीला देऊ शकतो. न्यायाधीश ह्युवेल यांनी २ नोव्हेंबरला स्प्रिंटचे बहुतेक मुद्दे फेटाळले आणि फोन मिळण्यासंबंधीचा मुद्दा पुढे जाऊ दिला, तो याच भेदामुळे.

पायरी ८ : घड्याळ आणि दंड

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. सरकारच्या दाव्याची सुनावणी १३ फेब्रुवारी २०१२ ला सुरू होणार होती. एटी अँड टीचा बेत उघड होता : आधी कोर्टात सरकारला हरवायचं, म्हणजे एफसीसीवर दबाव येईल. पण २२ नोव्हेंबरला एफसीसीचे अध्यक्ष ज्युलियस जेनाकोव्स्की यांनी प्रकरण प्रशासकीय सुनावणीला पाठवण्याचा मसुदा सहकाऱ्यांकडे दिला. दोनच दिवसांनी कंपनीने एफसीसीकडचा अर्ज मागे घेत असल्याचं सांगितलं आणि तोट्यासाठी ४ अब्ज डॉलरची तरतूदही जाहीर केली. २९ नोव्हेंबरला एफसीसीने अर्ज मागे घ्यायला परवानगी दिली, पण कर्मचाऱ्यांचा अहवाल प्रसिद्धही केला. कंपनीने त्यावर जोरदार आक्षेप घेतला, तरी अहवाल आता सगळ्यांच्या हातात होता.

मग डिसेंबरमध्ये न्याय विभाग कोर्टात म्हणाला की एफसीसीकडे अर्जच नाही, तर या व्यवहारावर आत्ता सुनावणी कशाला? न्यायाधीशांनीही तीच शंका बोलून दाखवली. कोर्टात जिंकूनही परवान्यांची मंजुरी नसेल, तर व्यवहार पूर्ण करता येत नाही, आणि कराराची मुदत तर संपत चाललेली. दोन दरवाज्यांचा फरक इथे निर्णायक ठरला. सरकारला काहीच सिद्ध करावं लागलं नाही.

करारातलं ते कलम आता काढा. व्यवहार मोडल्याबद्दल एटी अँड टीला डॉइश टेलिकॉमला ३ अब्ज डॉलर रोख द्यावे लागले. शिवाय १२८ भागांतला स्पेक्ट्रम आणि सात वर्षांहून अधिक काळाचा रोमिंग करार. म्हणजे जिला गिळायचं होतं, तिच्याच हाती पैसा आणि लहरी आल्या. मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलने दोन वर्षांचे बंधनकारक करार बंद केले. २०१५ मध्ये व्हेरायझनला आणि २०१६ च्या सुरुवातीला एटी अँड टीला तेच करावं लागलं. ‘ही कंपनी एकटी तगणार नाही’ या युक्तिवादाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणं कठीण.

पायरी ९ : तडजोड झाली असेल तर अटी वाचा

प्रत्येक प्रकरण असं संपत नाही. एप्रिल २०१८ मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट यांनी सुमारे २६ अब्ज डॉलरचं विलीनीकरण जाहीर केलं. पुन्हा चाराच्या तीन. या वेळी न्याय विभागाने २६ जुलै २०१९ रोजी दावा आणि तडजोड एकाच दिवशी दाखल केली. १९७४ च्या टनी कायद्याप्रमाणे अशी तडजोड प्रसिद्ध करून ६० दिवस लोकांची मतं मागवावी लागतात आणि ती सार्वजनिक हिताची आहे का हे न्यायाधीश बघतो. ती मतं आणि न्याय विभागाची उत्तरं जरूर वाचा.

अट अशी होती की स्प्रिंटचा प्रीपेड व्यवसाय, बूस्ट मोबाइलसह, डिश या उपग्रह टीव्ही कंपनीने १.४ अब्ज डॉलरना घ्यायचा, सात वर्षं टी-मोबाइलचं जाळं वापरायचं आणि तेवढ्यात स्वतःचं उभारून चौथी कंपनी व्हायचं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाच्या पुढाकाराने राज्यांनी स्वतंत्र दावा लढवला. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश व्हिक्टर मारेरो यांनी निकाल कंपन्यांच्या बाजूने दिला. राज्यांचं आकड्यांचं गृहीतक त्यांनी मान्य केलं होतं, पण स्प्रिंटची दुर्बलता आणि डिशचं येणं यांमुळे ते खोडलं गेलं असं त्यांचं मत पडलं. १ एप्रिल २०२० ला विलीनीकरण पूर्ण झालं.

अशा तडजोडीत तीन गोष्टी तपासा. नव्या कंपनीला तिच्या प्रतिस्पर्ध्यावरच किती वर्षं अवलंबून राहावं लागणार आहे? तिने हा व्यवसाय याआधी कधी चालवला आहे का? आणि मुदत पाळूनही तिने नंतर सगळं विकलं तर तिला रोखणारं कलम आहे का? डिशने जून २०२३ पर्यंत ७० टक्के लोकसंख्येपर्यंत पाचव्या पिढीचं जाळं नेण्याची अट पूर्ण केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची पालक कंपनी एकोस्टारने सुमारे २३ अब्ज डॉलरचा स्पेक्ट्रम एटी अँड टीला विकायचं ठरवलं आणि पुढच्याच महिन्यात आणखी सुमारे १७ अब्जांचा स्पेसएक्सला. बूस्टचे ग्राहक आता मुख्यतः दुसऱ्यांच्या जाळ्यावर चालणार. २०१९ च्या तडजोडीची प्रत काढून हा तिसरा प्रश्न तिला विचारून बघा.